ओंडका उचलू नका, गडगडवत चढवा

आपल्याकडे क्रेन नसताना ४०० किलोंचा ओंडका ट्रकमध्ये चढवायचा असेल, तर आधी मागच्या-पुढच्या चाकांना अटकण लावून फाळका उघडावा आणि हौद्याच्या कडेला चार-चार मीटरचे दोन मजबूत वासे तिरके टेकवून, ते सरकणार नाहीत असे बांधून घ्यावेत. दोन दोरांची एकेक टोके हौद्यात पक्की बांधून ते ओंडक्याखालून घ्यावेत आणि वरून परत हौद्यात आणून ओढावेत. हौदा सव्वा मीटर उंच असेल, तर वाशांच्या उतारामुळे ओढ वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत येते, दुहेरी दोरामुळे तीही निम्मी होते. म्हणजे प्रत्येक दोरावर जेमतेम ३० ते ३५ किलोंचा ताण येतो.

बुंध्याकडचे जाड टोक नेहमी पुढे पळते, तेव्हा तिकडचा दोर रोखून शेंड्याकडचा ओढावा. असे न केल्यामुळे माझा पहिला ओंडका तिरका होऊन खाली आला होता. दोर हाताला गुंडाळू नये, दर हातभर चढावानंतर पाचर सारावी, मात्र ती बाजूने लांब दांड्याने सारावी, कारण ओंडक्याच्या खालच्या अंगाला कोणीही, अगदी क्षणभरसुद्धा, उभे राहता कामा नये.