गुलमर्गचं स्कीइंग आणि 8 लाखांचा कोपरा

फैजपूरहून एका शिक्षकांचं पत्र आहे. वय 41, हातात पगार 72 हजार, घरखर्च 45, दोन मुलं. फेब्रुवारीत चौघांनी गुलमर्गला स्कीइंगला जायचं ठरलंय, पॅकेज 2 लाख 60 हजारांचं. एफडी आहे 4 लाखांची. ती मोडावी की टूरवाल्याचा ‘शून्य व्याज’ 12 हप्त्यांचा पर्याय घ्यावा, एवढाच त्यांचा प्रश्न. पुढे सहज लिहिलंय: “हप्त्यांची चिंता नाही. बँकेतल्या एफडीसारख्या प्लॅनचे 8 लाख मार्चमध्ये सुटतील. वर्षाला 1 लाख, पाच वर्षं भरून झाली.”

सर, सुटणार नाहीत. ती एफडी नाही, विम्याची पॉलिसी आहे. तुम्हीच पाठवलेल्या फोटोत छापलंय: हप्ते भरण्याची मुदत 12 वर्षं, पॉलिसीची मुदत 20 वर्षं, शेवटी हमीचे 21 लाख, विमा 10 लाखांचा. कोपऱ्यात बँकेतल्या कुणीतरी पेनाने ‘5 वर्ष = 8 लाख’ लिहिलंय. केळीच्या व्यापाऱ्याने बांधावर सांगितलेला भाव आणि पट्टीवर आलेला भाव, यातला फरक तुमच्या घरात मी समजावून सांगायला नको. दरवर्षी लाख भरून पाच वर्षांत 8 लाख म्हणजे वर्षाला 16 टक्के. एवढी हमी कोण देतं हो?

मार्चमध्ये पैसे येणार नाहीत, सहावा लाख द्यावा लागेल. त्यात टूरचा हप्ता महिना 22 हजारांचा. 72 मधून 45 गेले, 22 गेले, उरले 5 हजार. त्यातून लाख कुठून काढणार?

आता रागाच्या भरात पॉलिसी सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका. आज भरलेल्याच्या निम्मे, म्हणजे अडीच लाखांच्या आसपास हाती येतील. एकूण 12 लाखांचे 20 वर्षांनी 21 म्हणजे जेमतेम 4 टक्के; तोच पैसा पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 33 लाखांच्या घरात गेला असता. पण तो तोटा होऊन गेला. इथून पुढचंच बघितलं, तर आज न घेतलेले अडीच लाख आणि उरलेले सात हप्ते ही गुंतवणूक धरून सहा टक्क्यांच्या वर पडतात, तेही करमुक्त. मला हे उत्पादन आवडत नाही, तरी हिशेब म्हणतो, चालू ठेवा. सरेंडरचा आणि पेड-अपचा (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी किती मिळतील तो) आकडा मात्र लेखी मागवून घ्या. बँकेकडे लेखी तक्रारही करा. पण पाच वर्षं उलटून गेल्यावर तिच्याकडून फार आशा ठेवू नका.

त्याहून मोठी चूक अशी, की उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरी 10 लाख येतील. 45 हजारांच्या घराला ते दोन वर्षंही पुरत नाहीत. साठीपर्यंतचा 1 कोटीचा टर्म विमा, म्हणजे मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा, वर्षाला साधारण 20-25 हजारांत बसेल. तंबाखू-सिगारेट असेल तर फॉर्ममध्ये खरं लिहा. गुलमर्गच्या आधी हे.

आता गुलमर्ग. या फेब्रुवारीत नाही, पुढच्या. एफडीला हात लावू नका, तुमच्या सहा महिन्यांच्या खर्चाचे 2 लाख 70 हजार त्यात अडकलेले आहेत. महिना 12 हजारांची आरडी (दरमहा भरायची ठेव) लावा. पंधरा महिन्यांत 1 लाख 80 हजार होतील. सहल त्यातच बसवा. चौघांनाही तीन दिवस स्की शिकवायची गरज नाही, मुलांना शिकू द्या. शिकाऊ माणसाला खालचे सौम्य उतारच पुरतात; गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर, चार हजार मीटरच्या जवळ जातो, तिथून नवशिक्याने उतरायचं नसतं. भुसावळहून जम्मूकडे रेल्वेने गेलात तर विमानाचे पैसे वाचतील. कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत 2025 पासून वंदे भारतही आहे.

आणि बुकिंग करताना रद्द केल्यास किती परत मिळेल ते लेखी घ्या. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गला बर्फच नव्हता, नुसतं पिवळं गवत दिसत होतं. ‘शून्य व्याज’वाल्याला रोखीचा भाव विचारा; प्रक्रिया शुल्क आणि हुकलेली सूट मिळून व्याज कुठे लपलंय ते तिथेच कळेल. टोकन भरलं असेल तर ते पुढच्या वर्षासाठी वळवतात का, हे आजच विचारून घ्या.