आरव्ही घ्यायची की भाड्याने? आधी ती पॉलिसी बाहेर काढा

न्यूजर्सीहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४४, पगार १,४०,००० डॉलर, बायको पार्टटाइम, दोन मुलं, टाउनहाउस. मागच्या उन्हाळ्यात मित्राच्या आरव्हीतून (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली घरासारखी गाडी) चार दिवस कॅम्पिंगला जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. ९०,००० ची २८ फुटी क्लास सी (मधल्या आकाराची आरव्ही) घ्यायची, १८,००० डाउन, बाकी साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांचं लोन, पुढच्या जुलैत यलोस्टोनला लांडगे-अस्वलं बघायची आणि तिथून वर ग्लेशिअर नॅशनल पार्क. प्रश्न एवढाच की विकत घेऊ की भाड्याने. आणि मग सगळ्यात शेवटी, ताजा कलम असल्यासारखं: "डाउन पेमेंटमधले १५,००० माझ्या आययूएल पॉलिसीवर लोन काढून घेणार आहे, महिना १,००० भरतो, ४० महिने झाले, त्यासाठी ४०१के सध्या बंद ठेवलंय."

अहो, हे पत्राचं पहिलं वाक्य हवं होतं! (आययूएल म्हणजे शेअर बाजाराच्या इंडेक्सला जोडलेला आयुर्विमा, आणि ४०१के म्हणजे पगारातून कापून नोकरीतर्फे चालणारं निवृत्तीचं खातं.)

पण आधी आरव्ही उरकून टाकतो, कारण ती सोपी आहे. ७२,००० चं लोन म्हणजे महिन्याला ७१० च्या आसपास, वर्षाला साडेआठ हजार. तुमच्या टाउनहाउसच्या असोसिएशनला २८ फुटी गाडी दारात चालणार नाही हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे स्टोरेज आलं, ते दीड हजार धरा, इन्शुरन्स दीड हजार, टायर-बॅटरी-गळणारं छप्पर वगैरे दोन हजार. झाले साडेतेरा हजार. सुट्टी तुम्हाला वर्षाला तीन आठवडे, त्यातली दर दोन वर्षांनी भारतवारीत जाते, तरी वीकेंड धरून २० रात्री वापराल असं उदार मनाने म्हणूया. रात्रीला पावणेसातशे डॉलर पडले, पेट्रोल आणि कॅम्पसाइट वेगळंच. शिवाय ९०,००० वर न्यूजर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, सहा हजार, तो तुमच्या हिशोबात कुठेच दिसला नाही. पाच वर्षांनी लोनचे ५७,००० बाकी असतील आणि गाडी पन्नासला गेली तरी नशीब समजा.

सेल्समन म्हणाला की आरव्ही सेकंड होम धरता येते आणि व्याज टॅक्समधून वजा होतं. खरंय, झोपायची-स्वयंपाकाची-टॉयलेटची सोय असली की धरता येते. पण ते फक्त आयटमाइज केलं, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवली, तर! घराचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, स्टेट टॅक्स मिळून तुमचे २२,००० होतात, त्यात आरव्हीचं पहिल्या वर्षाचं सहा हजार व्याज घाला, २८,०००. जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी वजावट, २०२५ साठीच ३१,५०० होतं. म्हणजे फायदा शून्य. आणि "वापरत नसू तेव्हा भाड्याने देऊ, हप्ता निघेल" हे तर सोडूनच द्या, जुलैत ती तुम्हाला हवी आणि लोकांनाही जुलैतच हवी, फेब्रुवारीत न्यूजर्सीत आरव्ही मागायला कोण येतंय. भाड्याने दिल्यावर नेहमीचा इन्शुरन्स बहुधा चालत नाही ते आणखी वेगळं.

तर आरव्ही भाड्याने. आता मुद्द्याचं.

४०१के का बंद केलं याचं उत्तर पत्रातच आहे, मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या मित्राने सांगितलं की "टॅक्स-फ्री रिटायरमेंट, मार्केट पडलं तरी झिरो, वर गेलं तर आपण वर". हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेत म्हणून दाखवेन. तुमची कंपनी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत निम्मं मॅच करते, म्हणजे तुम्ही ८,४०० टाकले की ते ४,२०० टाकतात, टाकल्या दिवशी ५० टक्के, कुठलीही पॉलिसी हे देत नाही. ४० महिन्यांत तुम्ही असे १४,००० सोडून दिलेत. आणि पॉलिसीत ४०,००० भरलेत, स्टेटमेंटवर व्हॅल्यू ३१,००० दिसते, आणि त्याच पानावर खाली बारीक अक्षरात सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज पॉलिसी मोडली तर हातात येणारे पैसे, १९,०००. तुम्ही मला ३१ चा आकडा लिहून पाठवलात, १९ चा मी तुमच्या फोटोतून वाचला.

"मार्केट पडलं तरी झिरो" म्हणजे काय तर त्या वर्षी व्याज शून्य, पण विम्याचा खर्च, ॲडमिन चार्ज, हप्त्यातली कपात हे सगळं चालूच राहतं, म्हणजे शून्य नाही, मायनस. मार्केट वर गेलं तर तुमच्यावर कॅप आहे, इंडेक्स कितीही पळाला तरी कॅपच्या वरचं तुम्हाला नाही, डिव्हिडंड मुळातच धरत नाहीत, आणि ती कॅप कंपनी नंतर खाली आणू शकते. वय वाढतं तसा विम्याचा खर्च वाढतो. मित्राने दाखवलेल्या तक्त्यात दरवर्षी न चुकता पावणेसात टक्के आहेत, असं मार्केट मी तरी आजवर बघितलेलं नाही. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा हिस्सा कमिशनमध्ये गेला, हेही त्याने सांगितलं नसणार. मित्र असेल चांगला, गणपतीत जेवायला वाढतही असेल, पण सल्ला त्याने त्याच्या फायद्याचा दिलाय.

आणि आता यावर लोन? "स्वतःच्याच पैशावर लोन, टॅक्स नाही" असं म्हणतात ते, पण १९,००० च्या सरेंडर व्हॅल्यूवर १५,००० काढले की पॉलिसीत उरलं काय? त्या लोनवर व्याज चढत जाणार, दोन वर्षं मार्केट सपाट राहिलं की खर्च भागायला व्हॅल्यू पुरणार नाही आणि हप्ता वाढवा नाहीतर पॉलिसी लॅप्स असं पत्र येईल. विमाही गेला, पैसेही गेले, आणि आरव्हीचा हप्ता मात्र बारा-तेरा वर्षं शिल्लक. हे लोन काढू नका.

ह्या पगारापासून ४०१के ६ टक्क्यांवर चालू करा, एचआरच्या पोर्टलवर दहा मिनिटांचं काम आहे. महिन्याला ७०० कापले जातील, टॅक्स वाचतो म्हणून हातात पाचशेच कमी दिसतील. दुसरं, मुलं लहान आहेत तर विमा हवाच, तर २० वर्षांची दहा लाख डॉलरची टर्म (ठरावीक वर्षांचा निव्वळ विमा) घ्या, तब्येत ठीक असेल तर महिना शंभरच्या आसपास. टर्म हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका, मेडिकलमध्ये काही निघालं तर मग चित्रच बदलतं. तिसरं, विमा कंपनीला, मित्राला नाही, फोन करून इन-फोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसी पुढे कशी चालेल याचा अंदाज) मागा, दरवर्षी साडेचार टक्के धरून, सोबत सरेंडर चार्ज दरवर्षी किती कमी होतो तो तक्ता. तो बघून ठरवू की लगेच बंद करायची की विम्याची रक्कम कमी करून थोडं थांबायचं. "४०,००० भरलेत, आता कशी सोडू" हा विचार बाजूला ठेवा, ते गेले, प्रश्न पुढच्या दर हजाराचा आहे.

राहिली ट्रिप. ती करा हो, रद्द करा असं कोण म्हणतंय. न्यूजर्सीहून यलोस्टोन एका बाजूने दोन हजार मैलांच्या वर आहे, आरव्हीने दिवसाला चारशे मैल म्हणजे जाऊन येऊन दहा-अकरा दिवस इंटरस्टेटवरच, ओहायोत लांडगे नाहीत. सॉल्ट लेक सिटीला विमानाने जा, तिथून २४-२५ फुटी गाडी घ्या. दहा रात्रींचं भाडं अडीच हजार, फी-इन्शुरन्स-मायलेज नऊशे, पेट्रोल पाचशे, कॅम्पसाइट सहाशे, चौघांची तिकिटं अठराशे. सहा हजार तीनशे. पॉलिसीत अडकलेले २१ (भरलेले ४० वजा सरेंडरचे १९) आणि मॅचचे १४ मिळून पस्तीस हजारांत अशा पाच ट्रिपा झाल्या असत्या.

ग्लेशिअरचा गोइंग-टू-द-सन रोड वरच्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंद असतो, तुमची २८ फुटी तशीही खालीच राहिली असती. तिथे शटल किंवा छोटी भाड्याची कार बघा. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजचं हुकअपवालं (वीज-पाणी-सांडपाण्याची जोडणी असलेलं) आरव्ही पार्क मिळालं तर घ्या, अस्वलांमुळे तिथे कापडी तंबू चालत नाहीत, आरव्हीचा खरा फायदा तिथे कळतो. आणि लामार व्हॅलीला पहाटे पाचला पोचा. १९९५ मध्ये परत आणलेल्या लांडग्यांचे वंशज तिथे दिसतात, पण दिसतात म्हणजे दुर्बिणीतून राखाडी ठिपका, रस्त्याकडेला स्पॉटिंग स्कोप लावून बसलेली म्हातारी माणसं असतात, आमच्या धाकट्याला त्यांच्यातल्याच एका आजींनी स्टुलावर उभं करून दाखवला होता, त्याने "हाच?" विचारलं आणि पुढचा तासभर स्कोप सोडला नाही. अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड, बायसनपासून २५ यार्ड लांब राहायचं, बायसन गरीब दिसतो म्हणून फोटोला जवळ जाऊ नका. ब्लॅक टँक (टॉयलेटची टाकी) रिकामा करताना रेंटलवाल्याने दिलेला पाइप आधी तपासून घ्या, आमचा जोडापाशी फाटका होता, पुढचं लिहीत नाही.

इलस्ट्रेशन आलं की सगळी पानं पाठवा, शेवटच्या बारीक अक्षरांसकट.