जलरंगातली स्वतःची चित्रं भिंतीवर लावताना

जलरंग सोडून ॲक्रिलिककडे वळावं का, असं तुम्ही विचारलंत. तशी गरज नाही, हे आधी सांगते. ठाण्याच्या नव्या घरात दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीवर स्वतःची जलरंगातली चित्रं लावावीत, ही तुमची इच्छा. ती लांबून फिकट दिसतील का, चार-पाच वर्षांत रंग उडेल का आणि पावसाळ्यात कागद टिकेल का, ही तुमची शंका. फ्रेमवाल्याने 'जलरंग फाईलमध्येच बरा' म्हटलं म्हणून तुम्ही बिचकलात. मी रत्नागिरीत राहते. पावसाळ्यात इथे चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, तरी माझ्या घरात काचेआड जलरंगच आहेत आणि ते छान आहेत. एक मात्र करावं लागतं. भिंत आधी पाहायची आणि चित्र त्या भिंतीसाठी रंगवायचं. आपण बहुधा उलट करतो. जमलेलं चित्र हातात घेऊन रिकामी जागा शोधत फिरतो.

फिकटपणाची शंका आधी घेते, कारण माझ्या मते ती सगळ्यात चुकीच्या समजुतीवर उभी आहे. जलरंग म्हणजे फिका, हळवा, धुक्यातला, असं आपण धरूनच चालतो. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हातात समई घेतलेल्या तरुणीचं चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. 'ग्लो ऑफ होप' नावाचं. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र वाटतं. ते आहे आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, आणि कागदावरच्या जलरंगातलं. समोर त्यांची मुलगी गीता उभी होती. त्यातला उजेड कुठून येतो ते नीट पाहा. ज्योत पिवळी रंगवली म्हणून नव्हे, तर भोवतालचा अंधार खरोखर गडद ठेवला म्हणून ती उजळते. तो अंधार पाण्यात मिसळलेल्या रंगानेच आला आहे.

तुमची चित्रं लांबून फिकट दिसत असतील तर तो दोष माध्यमाचा नाही. गडद जागा पुरेशा गडद होत नाहीत, एवढंच. जलरंग वाळला की उतरतो हे तुम्हाला माहीत आहेच. वही हातात धरून पाहताना ते खटकत नाही, पण सोफ्यावर बसून दहा फुटांवरून पाहिलं की सगळं राखाडी होतं. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सायना हा तांबूस तपकिरी रंग ट्यूबमधून काढल्यावर जवळपास तसेच घट्ट मिसळा, पाणी अगदी थोडं घ्या आणि एकदाच लावा. तो रंग ओला असताना भीती वाटण्याइतका काळा दिसला पाहिजे. वाळल्यावर तो हवा तेवढाच राहतो. फिकट रंगाचे चार थर चढवून गडदपणा आणायला गेलात तर कागद मळकट होतो आणि पारदर्शकपणा जातो. चित्र संपत आलं की मोबाईलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. त्यात पांढरा, मधला आणि काळा असे तीन भाग वेगळे दिसले नाहीत, तर ते चित्र अजून भिंतीसाठी तयार नाही.

कागदावर पैसे वाचवू नका. रंग विद्यार्थ्यांचे घेतले तरी एक वेळ चालेल, कागद मात्र शंभर टक्के कापसाचा आणि ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) हवा. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद उजेडात पिवळा पडत जातो, आणि जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदच असल्यामुळे सगळं चित्रच पिवळं पडतं. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. कधी गेलात तर तिथले ताव हाताळून बघा. मात्र कुठलाही हातकागद घेताना एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब लगेच शोषला गेला तर साइझिंग, म्हणजे पाणी पटकन शोषू न देणारी खळ, कमी आहे, आणि त्या कागदावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, नीट पसरणार नाही.

आता रंग उडण्याबद्दल. हा प्रश्न खरा आहे आणि जुना आहे. इंग्लंडमध्ये १८८८ साली रसेल आणि ॲबनी या दोघांनी जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा सविस्तर अहवाल दिला होता. बरेच रंग उजेडात फिके पडतात हे त्यात होतंच. आपल्याकडच्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखं दुसरंच आहे: ओलावा आणि हवा काढून घेतली तर त्यातले बहुतेक रंग जवळपास तसेच राहिले. म्हणजे ऊन आणि दमट हवा मिळून रंगाचा घात करतात. कोकणात आणि मुंबई-ठाण्याला दोन्ही भरपूर, म्हणून आपल्याला रंग निवडतानाच काळजी घ्यावी लागते.

ट्यूबवरचं नाव वाचू नका, रंगद्रव्याचा कोड वाचा. तो बारीक अक्षरात असतो. पीबी२९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी१५ म्हणजे थॅलो ब्लू, आणि बर्न्ट सायनावर बहुधा पीबीआर७ असतो. हे तिन्ही भरवशाचे. पीआर८३ म्हणजे खरा अलिझरिन क्रिमसन. तो सुंदर आहे, आणि फिकट वॉशमध्ये तो नक्की उडतो. त्याऐवजी पीव्ही१९ असलेला गुलाबी किंवा लाल घ्या. ऑपेरा पिंक नावाचा झगझगीत गुलाबी, ज्याच्यावर बोगनवेल आणि कमळं रंगवायचा मोह होतो, तो वहीत वापरा, भिंतीच्या चित्रात नको. त्यातला चमकणारा भाग काही काळातच मावळतो. ट्यूबवर कोडच नसेल तर तो रंग भिंतीसाठी धरू नका. शंका असेल तर घरच्या घरी कसोटी लावता येते. चांगल्या कागदावर तुमच्या प्रत्येक रंगाची पट्टी ओढा, अर्ध्या भागावर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळा आणि दिवाळीनंतर ती पट्टी पश्चिमेच्या खिडकीच्या काचेवर चिकटवा. होळीला फॉइल काढलंत की कुठला रंग टिकाऊ आणि कुठला नाही, ते कुणाला विचारावं लागणार नाही.

भिंत निवडताना दोन दिवस नुसतं बघा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ऊन कुठपर्यंत येतं? थेट ऊन जिथे पंधरा मिनिटंही पडतं ती जागा सोडा. खिडकीच्या बरोबर समोरची भिंतही टाळा, कारण काचेत चित्राऐवजी खिडकीच दिसते. खिडकीला काटकोनात असलेली भिंत जलरंगासाठी सगळ्यात चांगली. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) एवढाच उजेड देतात. आपल्या घरात खिडकीजवळ भर दुपारी त्याच्या कितीतरी पट असतो. घरात अंधार करून राहा असं मी म्हणत नाही. फक्त त्या भिंतीवर रोख धरणारा दिवा लावायचाच असेल तर उबदार पिवळसर एलईडी लावा, जुना हॅलोजन नको.

आता ओल. तुमची मोठी भिंत बाहेरची आहे की दोन खोल्यांमधली? बाहेरची असेल आणि नैऋत्येला तोंड करून असेल, तर तिच्यावर पावसाची झड बसते. नव्या इमारतीत पहिल्या दोन पावसाळ्यांत ती कशी वागते ते बघितल्याशिवाय तिथे मूळ चित्र लावू नका. बाथरूमच्या मागची भिंतही नको. भिंतीला पोपडे किंवा लोणा दिसला तर रंगारी बोलावून तो आधी बरा करा. देवघराच्या जवळ उदबत्तीचा धूर आणि निरांजनाची काजळी, स्वयंपाकघरात फोडणीची वाफ. कागद दोन्ही शोषून घेतो. फ्रेम कितीही चांगली असो, तिथे जलरंग लावू नये असं माझं ठाम मत आहे.

फ्रेमवाल्याकडे जाल तेव्हा पट्टीच्या नक्षीवर कमी आणि आतल्या गोष्टींवर जास्त वेळ घालवा. काच चित्राला टेकता कामा नये. हवा दमट असली की काचेच्या आतून बाष्प धरतं, आणि चित्र काचेला टेकलेलं असेल तर रंग काचेला चिकटतो, बुरशीही तिथेच सुरू होते. म्हणून खिडकी कापलेला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवा. तो नुसता शोभेचा नाही, तो काच आणि चित्र यांच्यात हवेची जागा ठेवतो. माउंट ॲसिड-फ्री मागा. साध्या माउंटची कापलेली तिरपी कड काही वर्षांत तपकिरी होते, आणि तीच तपकिरी रेघ चित्रावरही उमटते. मागच्या हार्डबोर्डचाही तोच दोष, म्हणून चित्र आणि बोर्ड यांच्यामध्ये ॲसिड-फ्री कागदाचा एक ताव घालायला लावा.

चित्र माउंटला कसं लावतात ते समोर उभं राहून बघा. सेलोटेप, दुहेरी टेप, फेव्हिकॉल यांतलं काही चित्राला लागू देऊ नका. पूर्ण चित्र बोर्डावर चिकटवून सपाट करून देतो, असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. ते पुन्हा कधी निघत नाही. पारदर्शक पॉलिएस्टरचे कोपरे मिळतात, फोटो अल्बममध्ये असायचे तसे. त्यांत चित्र नुसतं अडकवायचं. कागदाला पावसाळ्यात फुगायला आणि हिवाळ्यात आकसायला जागा राहते. चारही बाजूंनी आवळलेला कागदच लाटा धरतो. तुमच्या आधीच्या चित्रांना लाटा असतील तर मागच्या बाजूने स्वच्छ पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, वर-खाली टीपकागद ठेवा आणि जाड पुस्तकांखाली एक-दोन दिवस दाबून ठेवा. आधी एखाद्या सरावाच्या चित्रावर करून बघा.

काच साधी चालते. दाणेदार नॉन-रिफ्लेक्टिव्ह काच माउंटमुळे चित्रापासून लांब राहते आणि बारकावे धूसर करते, म्हणून मला ती आवडत नाही. घरात लहान मुलं असतील किंवा फ्रेम मोठी असेल तर ॲक्रिलिक शीट घ्या. मागची फट कागदी टेपने पूर्ण बंद करा, नाहीतर कसर आत शिरते आणि कागदाचा वरचा थर खाते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची जाड बटणं लावून घ्या. फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहते, मागे हवा खेळते. हा खर्च अगदी किरकोळ आहे, पण आपल्या हवेत माझ्या दृष्टीने महागड्या पट्टीपेक्षा याचं मोल जास्त.

आकाराबद्दल. मोठ्या भिंतीला मोठं चित्रच हवं असं नाही. पूर्ण ताव, म्हणजे २२ बाय ३० इंच, नीट सांभाळायला फार सराव लागतो. अर्धा ताव घ्या आणि त्याला चार इंचांचा पांढुरका माउंट द्या. खालची बाजू अर्धा इंच जास्त ठेवा. फ्रेम बाहेरून जवळपास दोन फूट बाय अडीच फूट होते आणि सोफ्यावर एकटी पुरेशी दिसते. किंवा पाव तावाची तीन चित्रं एकाच मापाच्या फ्रेममध्ये लावा. तीन असतील तर त्यांचं रंगांचं घराणं एक ठेवा. त्याच तीन-चार ट्यूबांनी तिन्ही रंगवा, मग विषय वेगळे असले तरी ती एकत्र नांदतात. भिंतीवर आठ-दहा लहान फ्रेमांची गर्दी मला स्वतःला रुचत नाही. जलरंगाला भोवती मोकळी जागा लागते.

उंची ठरवायला जुनी वर्तमानपत्रं फ्रेमच्या मापाने कापा, मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवतात. ते उभ्या माणसासाठी झालं. तुमच्याकडे भारतीय बैठक असेल तर सरळ अर्धा-पाऊण फूट खाली आणा. सोफ्याच्या पाठीपासून फ्रेमची खालची कड सहा ते आठ इंचांवर ठेवा. एका खिळ्याऐवजी दोन हुक लावलेत तर पुसताना फ्रेम तिरकी होत नाही. पुसताना द्रव काचेवर फवारू नका, फडक्यावर घ्या. काचेवरून ओघळलेला थेंब पट्टीच्या खाचेतून थेट माउंटमध्ये जातो.

शेवटची गोष्ट चित्रं बदलण्याची. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या नॅशनल गॅलरीकडे टर्नर या इंग्रज चित्रकाराची जलरंगातली ३८ चित्रं आहेत. हेन्री वॉन नावाच्या संग्राहकाकडून १९०० साली ती आली, आणि त्याने अट घातली होती की ती फक्त जानेवारीत दाखवायची, कारण तिथे त्या महिन्यात उजेड सगळ्यात मंद असतो. इतका काळ लोटून त्यांचे रंग अजून ताजे आहेत. घरी एवढं कडक राहायचं कारण नाही, पण उजेडापासून विश्रांती दिली की चित्र टिकतं हे अगदी खरं. म्हणून मी सगळ्या फ्रेम दोन-तीनच मापांच्या करून घेते आणि मागचा बोर्ड खिळ्यांऐवजी वळवायच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी बसवून घेते. मृगाआधी सगळ्यात जिवाभावाची चित्रं खाली उतरतात, ॲसिड-फ्री कागदात आडवी, कोरड्या कपाटात जातात, आणि पावसाळाभर त्याच फ्रेममध्ये दुसरी लागतात. चित्रं बदलताना मागची टेप नवी लावायची. दसऱ्याला पुन्हा अदलाबदल. फ्रेममध्ये घालण्याआधी प्रत्येक चित्राचं चांगलं स्कॅन करून ठेवा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने तारीख आणि वापरलेल्या रंगांचे कोड लिहा.

बाल्कनीच्या दाराशेजारच्या भिंतीवर काही हवंच असेल तर त्या स्कॅनचा पिगमेंट शाईतला प्रिंट लावा. ॲक्रिलिक करायची हौस असेल तर तेही तिथेच करा. दिवाणखान्याची मोठी भिंत जलरंगासाठी ठेवा. ती भिंत आतली आहे की बाहेरची आणि खिडकी कुठल्या बाजूला आहे, एवढं कळवलंत तर माप आणि माउंटची रुंदी नक्की सांगता येईल.