चंदेरी ढालींचं पुढे काय झालं?

प्रश्न : सिकंदराच्या सैन्यातल्या ‘चंदेरी ढाली’ म्हणजे कोण? त्याच्या मृत्यूनंतर त्यांचं काय झालं?

उत्तर : तुम्ही ‘नंतर’चं विचारलंत, याचं फार बरं वाटलं. सिकंदर गेला की आपली पुस्तकं मिटतात. हे मूळचे राजाचे निवडक पायदळ रक्षक, हिपास्पिस्ट. सुमारे 3,000 माणसं. भारताच्या मोहिमेत ढालींवर चांदी चढली, तेच पुढे नाव झालं : अर्गिरास्पिदेस.

इ.स.पू. 323 मध्ये सिकंदर गेला आणि त्याच्या सरदारांत यादवी माजली. तीत ते युमेनीस या सरदाराच्या बाजूने अँटिगोनस या दुसऱ्या सरदाराशी लढले. प्राचीन लेखक सांगतात, त्यांच्यात साठीच्या आतला कुणी नव्हता. इराणमधल्या गाबिएनेच्या खारट माळरानावर या म्हाताऱ्यांनी समोरचं पायदळ पार उधळून लावलं. पण टापांनी पांढरी धूळ अशी उठली, की तिच्याआडून शत्रूच्या स्वारांनी मागचा तळ लुटला. तिथे त्यांची बायकामुलं होती, जन्मभराची कमाई होती. ती परत मिळावी म्हणून त्यांनी आपल्याच सेनापतीला, युमेनीसला, बांधून शत्रूच्या हवाली केलं.

त्यांना सरसकट गद्दार म्हणणं मला पटत नाही. मॅसिडोनिया सोडून अठरा वर्षं झालेली. घर म्हणजे तो तळच. अँटिगोनसने मात्र त्यांचा नायक अँटिजिनिस याला जिवंत जाळलं. बऱ्याच जणांना अराखोशियाच्या, म्हणजे कंदाहारकडच्या क्षत्रपाकडे धाडलं आणि हुकूम दिला : थोडे थोडे करून अशा कामगिरीवर पाठवा, की परत येणार नाहीत.