पहिल्यांदा एल्कच्या शिकारीला निघताना

अरे, रायफलवरच्या स्कोपवर (नेम धरायच्या दुर्बिणीवर) आत्ताच दोन हजार डॉलर उडवू नकोस. अमेरिकेतल्या कोलोराडोत एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, मागे जाणारा नवखा माणूस मार खातो तो पायांमुळे. आधी बूट घे आणि महिनाभर पाठीवर वजन घेऊन ते मुरव. मी कोरे बूट घालून गेलो होतो. दुसऱ्या संध्याकाळी मोज्याबरोबर टाचेचं सालपटही निघालं.

मग फ्रेमवाली सॅक. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांसही सहज 90 किलोच्या घरात जातं, म्हणजे गाडीपर्यंत तीन-चार खेपा. म्हणून गाडीपासून फार लांब मारू नकोस, हे कुणी सांगत नाही!

बाकी थोडक्यात:
- मांसाला हवा लागेल अशा कापडी पिशव्या. प्लास्टिकमध्ये ऊब कोंडते, मांस आंबतं.
- 10×42 दुर्बीण (दहापट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची), छातीवरच्या पट्ट्यात.
- अंगाला लोकर. सुती बनियन घरीच. घामाने भिजलं की वाळत नाही.
- रायफल सीझनला (रायफलने शिकारीची मुभा असलेल्या दिवसांत) भडक नारिंगी किंवा गुलाबी, कमरेच्या वर किमान 500 चौरस इंच, टोपीही त्याच रंगाची. कायदाच आहे.

हंटर एज्युकेशनचा, म्हणजे सुरक्षित शिकारीचा, कोर्स झालाय ना? त्याशिवाय लायसन्स मिळणार नाही. तंबू-स्टोव्ह यंदा उसने आण.