व्याजदर वाढवले तरी महागाई लगेच खाली का येत नाही?
कारण रेटचा परिणाम आधी कर्जावर होतो, किमतीवर नंतर. कर्ज महागलं की लोक घर-गाडी पुढे ढकलतात, कंपन्या नवीन मशिनरी घेत नाहीत, माल पडून राहायला लागतो आणि मग कुठे विक्रेता भाव वाढवताना दहादा विचार करतो, यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. पगार आणि भाडी तर बहुतेक वर्षातून एकदाच बदलतात, म्हणून मंदी लागल्यावरही महागाई काही महिने चढलेलीच दिसते.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोकांची अपेक्षा. भाव वाढतच राहणार असं एकदा डोक्यात बसलं की पगारही तसेच मागितले जातात. अमेरिकेत १९८० ला महागाई १३ टक्क्यांच्या वर होती, फेडचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) अध्यक्ष पॉल व्होल्करने १९८१ मध्ये रेट २० टक्क्यांच्या आसपास नेला, १९८३ पर्यंत महागाई ३-४ टक्क्यांवर आली खरी, पण मधे बेरोजगारी १० टक्क्यांच्या वर गेली, लाखो घरांनी ते सोसलं, हे विसरू नये.

तेल महागल्यामुळे आलेली महागाई असेल तर मात्र रेट वाढवून तेल काही जास्त निघत नाही, फक्त ती पगारात आणि बाकी किमतीत पसरायची थांबते.