मुलगी नऊ वर्षांची, सिनेमात पहिलंच काम, शूटिंग अंबाजोगाईला: परवानगी कोण काढतं आणि पैसे कुणाच्या नावावर?

परवानगी निर्मात्यानेच काढायची असते, तीही बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून. कंपनी मुंबईची असली तरी जिथं शूटिंग तिथला जिल्हा धरतात. २०१६ साली सुधारलेल्या बालकामगार कायद्यात आणि २०१७ च्या नियमांत हे स्पष्ट आहे. अर्जासोबत तुमची लेखी संमती आणि सेटवर मुलीची जबाबदारी कुणावर, त्याचं नाव लागतं. त्या कागदाची झेरॉक्स मागून घ्याच, 'ते आम्ही बघतो' यावर थांबू नका.

- दिवसाला जास्तीत जास्त ५ तास काम, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही.
- सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शाळा बुडू नये म्हणून शिक्षणाची सोय निर्मात्याकडे.
- मानधनातले किमान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावाने मुदत ठेवीत, ते ती सज्ञान झाल्यावर मिळतात.

उरलेली रक्कम पालकांच्या हातात येते, तिथं कायदा फारसा डोकावत नाही. आणि हे नियम १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच आहेत. निवडीसाठी कुणी उलट तुमच्याकडेच पैसे मागत असेल, तर पुढे जाऊच नका.